ताळा

डुंबरेताईंच्या पेपरात पाच आयन पार जातात.
पाचशे नॅनोसेकंदांत पाच.
आकृती तीन: निळी रेघ, पायरी पायरी चढत गेलेली.

माझ्याकडे दोन.
पुन्हा लावलं, एकही नाही.
पुन्हा लावलं, सात.

प्रथिन तेच, पडदा तोच, मीठ तेवढंच,
सीडचा आकडासुद्धा तोच, ४४१७,
ताईंच्या जुन्या स्कूटीचा नंबर
(पाषाणच्या आमच्या कॅन्टीनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक).
फक्त कार्ड बदललं. जुनं गेल्या उन्हाळ्यात जळालं,
गुरुवार होता, नळाला पाणी नव्हतं, कूलिंग बसलं.
इनामदारांनी ते पेपरात गुंडाळून
कपाटावर ठेवलंय. कशासाठी, विचारू नये.

बाबा भोरच्या पतपेढीत होते.
रकाना आधी वरून खाली मिळवायचे,
मग खालून वर.
दोन्ही जुळलं की ताळा बसला, की पेनाला टोपण.
एकदा सात पैशांपायी शेवटची एसटी सोडली त्यांनी.

बाबा, इथे वरून खाली एक येतं
आणि खालून वर दुसरं.
यंत्र खोटं बोलत नाही,
लाखभर अणूंचे धक्के हाताला येतील तसे मिळवतं
आणि दर मिळवणीला शेपटाकडचं थोडं कापतं.
त्या कापलेल्या कणाने
पाण्याचा एक रेणू कूस बदलतो,
त्याने शेजारचा,
आणि काही पिकोसेकंदांत
माझं पाणी ताईंच्या पाण्याचं कुणी लागत नाही.

स्क्रीनवर दार.
पोटॅशियम अंगावरचं पाणी उतरवतो,
उंबऱ्याबाहेर चपला काढाव्या तसा,
आणि आत शिरतो. आत रुंदी एकापुरतीच.
मागच्याने रेटलं तर पुढचा सरकणार.
कधी दोघेही अडून बसतात.
मी शनिवार-रविवार भोरला जाऊन येते,
तरी तिथेच.

मार्चात जुनी डिस्क रिकामी करताना
एक फोल्डर निघालं: जुने_नको.
आत नऊ रन.
शून्य. एक. दोन. शून्य. तीन.
सहाव्यात पाच.
पुढचे तीन मी लगेच उघडले नाहीत.

फोन केला. त्या आता खराडीला, औषधकंपनीत.
बराच वेळ नुसते हॉर्न ऐकू येत होते.
मग म्हणाल्या,
"सहावा पाहिला तेव्हा वाटलं, चॅनेल असंच वागतं,
बाकीचे बिघडलेत. अगं, खरंच वाटलं तसं."
आणि जरा थांबून,
"पुसून नव्हतं टाकलं, बघ."

मी भांडायला फोन केला होता.
पण माझ्याच मशीनवर
सातवाल्या फाइलचं नाव मी
'सुंदर' ठेवलेलं.

त्या रात्री लॅबमध्ये बसून नाडी मोजली.
याच दाराच्या जातीची दारं आत उघडत होती, मिटत होती,
एकही खेप आधीच्या खेपेसारखी नाही,
सीड कुणी नोंदवलेला नाही.
बहात्तर.
पुन्हा मोजली. बहात्तर.

ताईंचे नऊ, माझे अकरा.
सरासरी एक पूर्णांक आठ,
चूकपट्टी जवळजवळ तेवढीच उंच.
शून्यवालेही तक्त्यात, आपापल्या ओळीत.
शिरोळे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"ही आकृती कुणी छापेल का?"
मग स्वतःच खाली ओळ घातली:
कार्डाचं नाव, आवृत्ती, वीसही फाइली कुठे मिळतील ते.

बाबांनी फोनवर विचारलं, बसला का ताळा?
म्हटलं, नाही.
किती बसत नाही, तेवढं नीट लिहिलंय.

पलीकडे टोपणाचा आवाज आला,
लावल्याचा की काढल्याचा, कळलं नाही.
"मग खाली सही कर," म्हणाले,
"आणि तारीख घाल."